लाल दिसली, हिरवी घेतली

जुनी स्पोर्ट्‌स कार, एक रेस ट्रॅक आणि एसटीतून रिटायर झालेले अण्णा. सेकंडहँड गाडी घ्यायचा फंडा मी असा शिकलो!

बॉनेट गरम होतं.

मला ते कळलंच नाही, कारण मी लाल रंगातच अडकलो होतो. गेले तीन आठवडे रात्री झोपण्याआधी मी त्या गाडीचे फोटो बघत होतो. अण्णांनी मात्र गाडीपाशी पोचल्या पोचल्या बॉनेटवर तळहात ठेवला, पोराचा ताप बघावा तसा. मग माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाले, "आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलेली दिसतेय. थंड इंजिन कसं सुरू होतं, ते ह्याला दाखवायचं नाहीये."

विकणारा साहेब हसून म्हणाला, "युअर डॅड लाइक्स द कार!" मीही हसलो. दुसरं काय करणार?

ही गोष्ट मे २०२३ची, इंग्लंडमधल्या स्विंडनची. मी मूळचा दापोडीचा, नोकरी आयटीत, आणि प्रोजेक्टच्या कृपेने पाच वर्षं इथे. अण्णांनी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच ते आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. आणि नेमकं तेव्हाच माझ्या डोक्यात बसलं होतं, की चाळिशीच्या आत स्पोर्ट्‌स कार घ्यायची. सोम ते शुक्र ऑफिसला न्यायची, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा थेट रेस ट्रॅकवर!

तुम्ही म्हणाल, लॉटरी लागली की काय? तसं काही नाही. इथे आमच्यासारख्या पगारदार लोकांची एक लाडकी गाडी आहे, माझदा एमएक्स-५. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये आली. दोन सीट, कापडी टप, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्‌स कार म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. एवढ्या गाड्या बनल्या म्हणजे जुन्याही ढिगाने मिळतात, आणि स्पेअर पार्टही.

ताकदीचं म्हणाल, तर मी बघत होतो ते मॉडेल (दुसरी पिढी, १.८ लिटर) दीडशे अश्वशक्तीच्याही आत. आजकालची साधी फॅमिली कारसुद्धा तेवढी देते. पण हिचं वजन एक टनाच्या जरासं पुढे. इथेच खरी गंमत आहे. हलक्या गाडीला थांबायला ब्रेक कमी लागतो, वळायला टायर कमी झिजतो, आणि ट्रॅकवर दिवसभर हाणली तरी संध्याकाळी तीच गाडी तुम्हाला घरी आणते. तीनशे अश्वशक्तीची जड गाडी जुन्या बाजारात स्वस्त मिळते खरी, पण तिचे ब्रेक आणि टायर नव्या गाडीच्याच भावात घ्यावे लागतात.

हे सगळं मी वाचून पाठ केलं होतं. अण्णांनी यातलं काहीच वाचलं नव्हतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून आमच्या फ्रिजवरचा शनिवारवाड्याचा मॅग्नेट काढला, आणि गाडीच्या दाराखालच्या पट्टीवर लावला. चिकटला. अण्णा तो मागच्या चाकाकडे सरकवत गेले. चाकाच्या थोडं अलीकडे शनिवारवाडा टपकन खाली पडला.

"पुट्टी," अण्णा म्हणाले. "इथे पत्राच नाहीये."

मग अण्णा वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्या ओल्या ड्राइव्हवेवर सरळ पाठीवर झोपले आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. आतून आवाज आला, "पुढची चासी बघ. बाहेरून रंग मारलाय, आतून खाल्लीय."

इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ जमू नये म्हणून मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या पोटाला लागतं, आणि एमएक्स-५चा सगळ्यात मोठा शत्रू हाच. दाराखालच्या पट्ट्या, मागच्या चाकावरची कमान आणि या दुसऱ्या पिढीत पुढच्या चासीचे दोन दांडे. दांडे दुपदरी आहेत, त्यामुळे वरून छान दिसतात आणि आतून सडतात. अण्णांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. "मालवण-वेंगुर्ल्याकडच्या गाड्या वर्कशॉपला आल्या की आधी पोट बघायचो," ते म्हणाले. "इंजिन काय, दोन दिवसांत उतरवता येतं. सांगाडा गेला की गाडी गेली."

मी त्या साहेबाला दोनशे पौंड टोकन आधीच देऊन बसलो होतो. ते पाण्यात गेले.

घरी येताना मी अण्णांशी बोललो नाही. खरं सांगायचं तर घरी आल्यावर जे बोललो, ते बोलायला नको होतं. "तुम्हाला कुठलीच गाडी पसंत पडणार नाही. मी गाडी घेऊच नये असं तुम्हाला वाटतं, तसं सरळ सांगा ना!" अण्णा काहीच म्हणाले नाहीत. मॅग्नेट फ्रिजवर लावला आणि बातम्या बघत बसले. मुग्धाने, म्हणजे माझ्या बायकोने, लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "आयटीवाले ना तुम्ही? हे बघितलं होतं?"

इथे तीन वर्षांहून जुन्या गाडीची दर वर्षी तपासणी होते. तिला एमओटी म्हणतात. गाडीचा नंबर टाकला की सरकारी वेबसाइटवर मागच्या तपासण्या फुकटात दिसतात. किती मैल झाले होते, नापास झाली का, पुढच्या वेळी कशाकडे लक्ष द्या म्हणून लिहिलं होतं का, सगळं. लाल गाडीपुढे दोन वर्षं ओळीने एकच शब्द होता, गंज. आणि हे मी दोनशे पौंड देण्याआधी घरबसल्या दोन मिनिटांत वाचू शकलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी अण्णांच्या खोलीत गेलो. "चुकलो," म्हणालो. ते म्हणाले, "साखर कमी पडलीय." म्हणजे मिटलं.

त्यानंतर आम्ही चार गाड्या बघितल्या. जूनमध्ये ब्रिस्टलजवळ एका रिटायर्ड शिक्षिकेकडे पाचवी दिसली. २००२ सालची, गडद हिरवी, टपाचा रंग उडालेला, एका दाराला पोचा. फोटोत अजिबात न शोभणारी. पण बॉनेट गार! किल्ली फिरवली, आणि इंजिन कुरकुर न करता सुरू झालं. दुसरा गिअर थंडीत जरा अडला, पण गाडी गरम झाल्यावर सरळ पडायला लागला. या गाड्यांचं ते दुखणं जुनंच आहे. क्लच मऊ नव्हता, त्याच्या खालच्या सिलिंडरमधून गळती नव्हती. बाईंनी एक फाइल पुढे केली. टायमिंग बेल्ट कधी बदलला, वॉटर पंप कधी, सगळ्याच्या पावत्या, तारखेनुसार लावलेल्या.

अण्णांनी त्यांच्याकडे तांब्याभर पाणी मागितलं. बाईंना वाटलं, प्यायला हवंय. अण्णांनी ते टपाच्या मागच्या कोपऱ्यात, सीटमागे जिथे पाणी जायची भोकं असतात, तिथे हळूहळू ओतलं, आणि खाली वाकून बघत बसले. पाणी गाडीखालून धारेने बाहेर आलं. ही भोकं पाल्यापाचोळ्याने बुजली की पाणी पट्टीत साचतं, आणि गंज आतून सुरू होतो.

"पाणी मोकळं जातंय," अण्णा म्हणाले. "घे."

किंमत २,६०० पौंड, तेव्हाच्या भावाने पावणेतीन लाखांच्या आत. गाडीवर कर्ज बाकी नाही आणि इन्शुरन्स कंपनीने ती कधी भंगारात काढलेली नाही, याची तपासणी मी थोडे पैसे देऊन करून घेतली. या वेळी सौदा व्हायच्या आधी!

आता खरा प्रश्न. ट्रॅकवर न्यायची म्हणून मला लगेच जास्त आवाजाचा एक्झॉस्ट आणि इंजिनला काहीबाही लावायचं होतं. अण्णांनी विचारलं, "थांबते का?" मी म्हटलं, "थांबते की." "एकदा थांबते. वीसदा थांबते का?"

यामागचं शास्त्र सोपं आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. जुनं ऑइल तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. म्हणजे तुम्ही पेडल मारता, ते खाली जातं, आणि गाडी तशीच पुढे! रस्त्यावर हे बहुधा कळत नाही, ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीला कळतं. म्हणून सगळे पैसे तिथे गेले. जास्त उष्णता सोसणारं नवं ब्रेक ऑइल, चांगले पॅड, चार नवे टायर. शिवाय डोक्यामागे रोल बार, कारण उघड्या टपाच्या गाडीला तो असल्याशिवाय बरेच आयोजक ट्रॅकवर सोडत नाहीत. इंजिनाला आम्ही हात लावला नाही. एक्झॉस्टही कंपनीचाच ठेवला, आणि ते बरंच झालं. ट्रॅकवर सोडण्याआधी आवाज मोजतात, जास्त निघाला तर भरलेले पैसे सोडून घरी परत!

ऑगस्टमध्ये आम्ही कॅसल कूमला गेलो. आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाच्या कडेच्या रस्त्यावर १९५० साली सुरू झालेला हा ट्रॅक, एक फेरी साधारण तीन किलोमीटरची. सकाळी सगळ्यांना बसवून नियम सांगतात. ही शर्यत नाही, घड्याळ लावायचं नाही. पुढच्याने बाजू दिल्याशिवाय ओव्हरटेक नाही. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे सगळ्यांनी आत यायचं. आणि रोजचा इन्शुरन्स इथे चालत नाही. मी एका दिवसाचा वेगळा काढला होता.

तिथे एक जागा आहे, एव्हन राइज. गाडी पूर्ण वेगात एका उंचवट्यावरून जाते, वर पोचताच अंगातलं वजन हलकं होतं, आणि नेमकं तेव्हाच क्वारी नावाच्या वळणासाठी ब्रेक मारायचा असतो. पहिल्या फेरीला मी इतका घाबरलो की मागून आलेल्या तीन गाड्यांना बाजू दिली. दहाव्या फेरीला मात्र हात-पाय आपोआप चालायला लागले. वेग माझा किती होता, मला माहीत नाही. काटा बघायला फुरसतच नव्हती! पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं, की मला गाडी चालवता येत नव्हती, फक्त पळवता येत होती.

दुपारी हेल्मेट घालून अण्णा शेजारी बसले. तीन फेऱ्या. एक शब्द नाही, फक्त उजवा पाय माझ्याबरोबर ब्रेक मारत होता. परत आल्यावर ते खाली उतरले, आणि सवयीने टायर बघायला वाकले.

"सारखे झिजलेत," म्हणाले. मग तसेच वाकलेले असताना, "त्या वेळी पुढचे दोन चपटे झाले होते."

मला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं. २००८ साल. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. रात्री दीड वाजता जुन्या मुंबई-पुणे हायवेवर सोमाटण्याच्या अलीकडे मित्राशी लावलेली रेस. गाडी अण्णांची वॅगन-आर. टेल लाइट नसलेला उभा ट्रक, लॉक झालेली चाकं, आणि बंपर ट्रकपासून हातभर. मी हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि पुढच्याच आठवड्यात अण्णांनी नवे टायर आणले होते. ऑफर होती म्हणाले होते.

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तू आपणहून हळू चालवायला लागलास. मग काय बोलायचं?" अण्णा गुडघे झटकत उठले. "अजून वेळ आहे ना तुझा? जा. त्या चढावरनं उतरताना ब्रेक जरा उशिरा मारतोयस."

अण्णा ऑक्टोबरमध्ये पुण्याला परतले. हिरवी गाडी अजून आहे. दाराचा पोचाही तसाच आहे. रस्त्यावर मी तिला लिमिटच्या वर नेत नाही, आणि गंमत म्हणजे न्यावंसं वाटतही नाही. दर महिन्याला फोनवर अण्णा माझी तब्येत विचारतात, मुग्धाची विचारतात, आणि मग हमखास तिसरा प्रश्न येतो, "पाणी जातंय ना मोकळं?"

पुण्या-मुंबईत घेताय?

• एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. पण चपळ, हलकी, मॅन्युअल गिअरची जुनी हॅचबॅक घेतलीत तरी फंडे तेच. आधी सांगाडा, मग ब्रेक, टायर आणि शेवटी इंजिन.

• गाडी थंड असताना बघायला जा. तसं आधी सांगून ठेवा, आणि तरी बॉनेटला हात लावा.

• टायरवरचे चार आकडे वाचा. २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३वा आठवडा. नक्षी चांगली असली तरी रबर म्हातारं असू शकतं.

• आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा, असेल तर बँकेची एनओसी घ्या. थकलेली चलनं तपासा. फॉर्म २९ आणि ३०वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

• गाडी आणि पावती यांत निवड करायची वेळ आली, तर पावत्यांची फाइल असलेली गाडी घ्या.

• वेगाची हौस ट्रॅकवरच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई, कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या तो बुद्ध सर्किट. जाण्याआधी पॉलिसी वाचा. शर्यत आणि वेगाच्या चाचण्या नेहमीच्या इन्शुरन्समध्ये धरत नाहीत.

• आणि ताम्हिणी हा ट्रॅक नाही. तिथे समोरून एसटी येते.