नूतनीकृत सोव्हिएत युद्धकालीन रायफली : संग्रह, पुरावा आणि मूल्यनिर्धारण

प्रस्तावना

वस्तू हे इतिहासाचे साधन आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. नाणी, ताम्रपट, हस्तलिखिते यांच्याप्रमाणेच शस्त्रेही आपल्या काळाची साक्ष देतात. मात्र एखादी वस्तू वापरानंतर शासकीय कारखान्यात पुन्हा खोलली गेली, तिचे भाग बदलले गेले आणि तिच्यावर नवे क्रमांक कोरले गेले, तर तिची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, असा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत रायफलींच्या संग्रहात हा प्रश्न अत्यंत ठळकपणे दिसून येतो. या रायफलींचे नूतनीकरण कसे झाले, त्याच्या खुणा कोणत्या आणि त्यावरून मूल्य कसे ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

रशियन सैन्याने १८९१ मध्ये स्वीकारलेली मोसिन रायफल सर्गेई मोसिन यांच्या रचनेवर आधारलेली होती. बेल्जियमच्या लेओं नागां यांच्या रचनेतील काही घटकही तीत घेतले गेले. म्हणून पाश्चात्त्य देशांत ती ‘मोसिन-नागां’ या नावाने ओळखली जाते. रशियात तिला ‘तीन रेषांची’ रायफल म्हणत. एक रेषा म्हणजे इंचाचा दहावा भाग. अर्थात तीन रेषा म्हणजे ७.६२ मिलिमीटर. १९३० मध्ये हिची सुधारित आवृत्ती आली. तीत नळीची लांबी कमी झाली आणि नेम साधण्याच्या पट्टीवर ‘अर्शिन’ या जुन्या मापाऐवजी मीटर आले. ही ‘९१/३०’ आवृत्ती तुला आणि इझेव्हस्क येथील कारखान्यांत प्रचंड संख्येने तयार झाली.

१९४१ च्या शरद ऋतूत जर्मन सैन्य तुलाजवळ येऊन ठेपल्यामुळे तेथील यंत्रसामग्री पूर्वेकडे हलविण्यात आली आणि उत्पादनाचा मुख्य भार इझेव्हस्कवर पडला. त्या वर्षांतील रायफलींवर कानशीच्या व यंत्राच्या ओबडधोबड खुणा स्पष्ट दिसतात. घाई, तुटवडा आणि आणीबाणी यांचा तो लोखंडावर उमटलेला दस्तऐवजच होय. १९४२-४४ या काळातील तुलाच्या रायफली इझेव्हस्कच्या तुलनेने कमी आढळत असल्याने त्यांना अधिक किंमत मिळते.

नूतनीकरणाची प्रक्रिया

युद्ध संपल्यावर सोव्हिएत शस्त्रागारांनी या रायफली भावी गरजेसाठी सज्ज ठेवण्याचे ठरविले. रायफल पूर्ण खोलली जाई. झिजलेले भाग बदलले जात. धातूवर पुन्हा काळसर निळा मुलामा चढविला जाई. लाकडी दस्त्याला लाखेच्या रोगणाचा तांबूस, चकचकीत लेप दिला जाई. तोंडाकडून सळई घालून वारंवार साफ केल्याने नळीचे टोक झिजले असल्यास ते आतून थोडे रुंद कोरले जाई, म्हणजे गोळी न झिजलेल्या भागातून बाहेर पडे. शेवटी गंज न चढावा म्हणून घट्ट ग्रीस फासून रायफली पेट्यांत भरल्या जात.

या प्रक्रियेत सुट्या भागांची सरमिसळ होणे अपरिहार्य होते. रायफलीचा क्रमांक मूलतः चार ठिकाणी असे : नळी, बोल्ट, मॅगझीनचे तळझाकण आणि दस्त्याच्या टोकाची पट्टी. नूतनीकरणात जुना क्रमांक रेघ मारून रद्द केला जाई आणि नळीवरील क्रमांक विद्युत लेखणीने वा ठशाने त्या भागावर कोरला जाई. संग्राहक अशा रायफलीस ‘सक्तीने जुळविलेली’ म्हणतात. चौकोनातील तिरकी रेघ ही नूतनीकरणाची परिचित खूण आहे. जर्मनांकडून हस्तगत केलेल्या ९८-के रायफलींवरही हीच प्रक्रिया झाली.

मूल्याचे निकष

पहिला निकष मौलिकतेचा. कारखान्यातील ठशाचे, एकाच वळणाचे चारही क्रमांक असलेली, नूतनीकरण न झालेली रायफल दुर्मीळ असते. कोरिया वा व्हिएतनाममधून सैनिकांनी परत नेलेल्या आणि कागदपत्रांनी सिद्ध होणाऱ्या रायफलींना म्हणूनच विशेष मान असतो. दुसरा निकष मार्गाचा. फिनलंडच्या सैन्याच्या ताब्यात गेलेल्या रायफलींवर चौकटीत ‘एसए’ ही अक्षरे असतात आणि त्यांचा इतिहास निराळा ठरतो. तिसरा निकष प्रकाराचा. दुर्बीण बसविलेल्या निशाणबाजी रायफली सर्वाधिक मोलाच्या. युद्धोत्तर काळात यांपैकी अनेकींची दुर्बीण काढून, भोके बुजवून त्या सामान्य पायदळाच्या रायफली बनविल्या गेल्या. बुजवलेली भोके आणि नळीवर खोडलेला दुर्बिणीचा क्रमांक पाहून जाणकार त्या ओळखतात.

येथेच फसवणुकीला वाव मिळतो. साध्या रायफलीस भोके पाडून नवी दुर्बीण लावली, की किंमत अनेक पटींनी वाढते. म्हणून दुर्बिणीचा क्रमांक, नळीवरील नोंद आणि मुलाम्याचे जुनेपण या तिन्हींची परस्परांशी पडताळणी अनिवार्य ठरते.

बाजार आणि कायदा

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर या रायफली मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत गेल्या. २००० नंतरच्या दशकात नूतनीकृत ‘९१/३०’ तेथे १०० डॉलरहून कमी किमतीत मिळे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार आयातदाराचे नाव शस्त्रावर कोरावे लागते; ही खूण संग्राहकांच्या दृष्टीने मूल्य घटविणारी ठरते. त्याच कायद्यान्वये १८९८ वा त्यापूर्वी बनलेली शस्त्रे प्राचीन मानली जातात. त्यामुळे दस्त्याखाली झाकलेले बांध्याचे निर्मितिवर्षही महत्त्वाचे ठरते. पुढे साठे आटले, आणि २०२१ मध्ये रशियन शस्त्रांच्या आयातीचे नवे परवाने अमेरिकेने बंद केले. परिणामी एके काळी स्वस्त समजल्या गेलेल्या रायफलींच्या किमती कित्येक पटींनी वाढल्या.

भारतात परिस्थिती भिन्न आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक असून २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोन शस्त्रांची मर्यादा घातली. त्यामुळे येथील अभ्यासकाला अशा वस्तूंचे दर्शन प्रामुख्याने संग्रहालयातच घडते.

मूल्याची दुसरी बाजू

नूतनीकरण म्हणजे पुराव्याचा नाश, असे मत अनेक संग्राहक मांडतात. युद्धातील ओरखडे, सैनिकाने दस्त्यावर कोरलेली अक्षरे, मूळ लेप हे सारे लाखेखाली वा कानशीखाली गेले, हे खरेच आहे. परंतु पोथीची चिकित्सा करणारा अभ्यासक नंतरच्या लेखनिकाची दुरुस्ती फेकून देत नाही. तो तिला निराळा थर मानून तिचीही नोंद करतो. त्याच न्यायाने खोडलेला क्रमांक हा युद्धोत्तर सोव्हिएत राज्याच्या नियोजनाचा, काटकसरीचा आणि पुढील युद्धाच्या भयाचा पुरावा ठरतो. उलट, रायफल ‘मूळ रूपात’ आणण्यासाठी लाख खरवडून काढणारा हौशी संग्राहक एक अस्सल थर नष्ट करतो आणि जे युद्धकालीन रूप त्याला हवे असते तेही त्याच्या हाती लागत नाही.

समारोप

बाजार दुर्मीळतेला भाव देतो. इतिहासाला मात्र वस्तूचा संपूर्ण जीवनक्रम हवा असतो. नूतनीकृत रायफल बाजारात सामान्य ठरली, तरी तिच्यावर दोन काळांची नोंद असते : एक ती घाईने घडविणाऱ्या युद्धाची आणि दुसरी ती निगुतीने जपून ठेवणाऱ्या साशंक शांततेची. या दोन्ही नोंदी वेगवेगळ्या वाचता येणे, हाच मूल्यनिर्धारणाचा खरा पाया होय.