समुद्र नसलेला नकाशा

लंडनच्या ड्रुरी लेनला लागून असलेल्या रसेल कोर्टात जॉन स्पिल्सबरीचं दुकान होतं. माणूस नकाशे कोरणारा. राजाचा भूगोलतज्ज्ञ म्हणवणाऱ्या थॉमस जेफरीजच्या हाताखाली त्यानं उमेदवारी केलेली. छापलेला नकाशा रंगवायचा, महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवायचा आणि देशांच्या सीमांवरून बारीक करवत फिरवायची, हा त्याचा धंदा. १७६३च्या एका व्यापारी डिरेक्टरीत त्याची नोंदच मुळी भूगोल शिकवायला सोपं जावं म्हणून लाकडी नकाशे कापणारा, अशा अर्थाची आहे. इकडे पानिपत होऊन दोनच वर्षं झाली होती.

आज ज्याला आपण जिगसॉ म्हणतो, त्याची सुरुवात अशी अभ्यासातून झाली. करमणूक पुष्कळ नंतर आली. स्पिल्सबरी हाच पहिला की नाही, यावर वाद आहे. त्याच सुमारास लंडनमध्ये मुलींना शिकवणाऱ्या मादाम लप्रँस द बोमाँ लाकडी नकाशे वापरत होत्या. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ ही परीकथा आज ज्या रूपात आपल्याला माहीत आहे, ते रूप त्यांचंच. मला या वादापेक्षा स्पिल्सबरीचा दुकानदारपणा जास्त आवडतो. त्याच्याकडे नकाशे दोन प्रकारांत मिळत: समुद्रासकट आणि समुद्राशिवाय. समुद्र नको असेल तर पैसे कमी! लाकूड महाग, आणि निळं पाणी जोडून मुलाला भूगोल थोडाच येणार?

हे खेळणं अर्थातच सगळ्यांसाठी नव्हतं. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांचा सांभाळ करणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांनी असे नकाशे ठेवायला बनवून घेतलेली कपाटं आजही जपलेली आहेत. या खेळाला वर्गाचा वास कसा चिकटला होता, ते जेन ऑस्टिननं अचूक हेरलं. १८१४च्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’मध्ये गरीब घरातून आलेल्या फॅनीला युरोपचा नकाशा जोडता येत नाही, म्हणून तिच्या श्रीमंत मावसबहिणी तोंडात बोटं घालतात. ज्या घरात असली पेटीच नाही, तिथल्या मुलीला तो येणार कुठून?

पण इतिहासाची वस्तू म्हणून या पेटीची खरी गंमत करवतीच्या रेघेत आहे. कागदावरची सीमा खोडून पुन्हा काढता येते. लाकडात कापलेली तशीच राहते. स्पिल्सबरीच्या १७६६च्या युरोपात पोलंड हा चांगला ऐसपैस देश आहे. १७७२ पासून शेजाऱ्यांनी त्याचे लचके तोडायला सुरुवात केली आणि १७९५ मध्ये तो नकाशावरून साफ गेला. एखाद्या घरात पेटी तशीच पुढच्या पिढीकडे आली असेल, तर तिथली मुलं जगात नसलेला देश जोडत बसली असणार.

एकोणिसाव्या शतकात नकाशांच्या जोडीला राजांच्या वंशावळी आल्या, बायबलातल्या गोष्टी आल्या. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही; सगळा मामला उपदेशाचा.

मोठी माणसं या खेळाला लागली ती विसाव्या शतकाच्या तोंडावर, आणि मग वेडच लागलं. १९०८ मध्ये अमेरिकेत पाचशे तुकड्यांच्या लाकडी पझलला पाच डॉलर पडत. तेव्हा सर्वसाधारण माणसाचा पगार महिन्याला पन्नास डॉलरच्या आसपास होता. पार्कर ब्रदर्स या कंपनीनं १९०९ मध्ये बाकीचे खेळ बाजूला ठेवून अख्खा कारखाना पझलला जुंपला. करवतीवर बायका बसत. ही करवत पायानं चालवायची, शिलाई मशीनसारखी, आणि तो हात-पायांचा मेळ त्यांना आधीच साधलेला होता. दिवसाला एकीनं चौदाशे तुकडे कापावेत, अशी अपेक्षा असे. चित्र कुठल्या चित्रकाराचं ते कधीकधी कळतं. तुकडे कोणाच्या हातचे, ते बहुतेक वेळा कळत नाही. आणि मला विचाराल तर पझलमध्ये चित्राइतकीच, किंबहुना जास्त, कला त्या कापण्यात आहे. मध्येच एखादा तुकडा कुत्र्याच्या आकाराचा निघतो, एखादा चहाच्या किटलीच्या. डब्यावर चित्र छापायची पद्धत नव्हती. काय जोडतो आहोत हे जोडल्यावरच कळायचं.

मग १९२९ची मंदी आली. इतरांचे धंदे बसले आणि याचा वर आला. लाकडाऐवजी पुठ्ठा, करवतीऐवजी पोलादी साचा. एका दाबात सगळं चित्र कापून मोकळं. १९३२ मध्ये टूथब्रशवर पझल फुकट मिळू लागलं आणि पंचवीस सेंटात दर आठवड्याला नवं पझल विकायला आलं. १९३३च्या सुरुवातीला अमेरिकेत आठवड्याला एक कोटी पझल विकली जात होती. काम गेलेले सुतार घरीच करवत लावून लाकडी पझल कापत. औषधांच्या दुकानांतून आणि वाचनालयांतून ती रात्रीपुरती भाड्यानं मिळत. नोकरी नसलेल्या माणसाच्या हाती वेळच वेळ होता, आणि संध्याकाळपर्यंत काहीतरी पुरं झालेलं दिसायला हवं होतं.

जुन्या डब्यांच्या झाकणांवर कधीकधी पेन्सिलीनं लिहिलेलं आढळतं: अमुक तारखेला, इतक्या तासांत पुरं केलं, एक तुकडा कमी. विक्रेत्याच्या हिशेबी तुकडा हरवला की किंमत घसरते. मला ती पेन्सिलीची ओळ डब्यातल्या चित्रापेक्षा मोलाची वाटते, कारण पझल कोणीतरी खरोखर मांडलं होतं, याचा तेवढाच काय तो पुरावा.

असा पुरावा आपल्याकडेही माळ्यावर असू शकतो. भारताचे लाकडी नकाशे, एकेका राज्याचा एकेक तुकडा, आपल्या किती घरांतून असत. त्यात बिहारमधून झारखंड वेगळं काढलेलं नसेल तर तो नकाशा २०००च्या आधीचा समजा. तेलंगणाचा तुकडा आंध्रातच असेल तर २०१४च्या आधीचा. आणि गुजरात व महाराष्ट्र मिळून एकच तुकडा हाती लागला, तर १९६०च्या मागे गेलात. अशी पेटी सापडली, तर गोव्याचा इवलासा तुकडा नाही म्हणून रद्दीवाल्याला देऊ नका. झाकणाच्या आत ती कोणाची होती आणि घरात कधी आली, एवढं पेन्सिलीनं लिहून ठेवा.