कोरी तबकडी पारखून घ्या

चादर घेताना आपण सोलापूरकर ती बोटांनी चाचपतो, उजेडात धरतो, मगच भावाचे बोलतो. गाणी उतरवून घ्यायच्या कोऱ्या सीडीला मात्र ही परीक्षा कोणी लावत नाही. साऱ्या तबकड्या सारख्याच, असे म्हणून स्वस्तातली उचलायची!

वास्तविक या तबकडीची रचना जाणून घेण्याजोगी आहे. खाली १.२ मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक, त्यावर रंगद्रव्याचा पापुद्रा, त्यावर धातूचा मुलामा आणि सर्वांत वर पातळ लेप. लेसरच्या उष्णतेने रंगद्रव्यात खुणा उमटतात; तेच आपले गाणे. गंमत अशी की, आपण जपतो चकचकीत बाजू आणि गाणे असते नाव लिहायच्या बाजूला, अगदी लेपाखाली! म्हणून तिथे बॉलपेन टेकवू नये, कागद चिकटवू नये. मऊ टोकाचे, पाण्याच्या शाईचे पेन वापरावे.

रंगद्रव्येही निरनिराळी. साधे सायनिन उजेडाने लवकर विटते. गडद निळे अ‍ॅझो आणि फिकट थॅलोसायनिन अधिक टिकाऊ. मुलामा चांदीचा असल्यास काळवंडू शकतो, सोन्याचा काळवंडत नाही. पण किंमतही सोन्यासारखीच!

माझ्याकडे आईच्या जात्यावरच्या ओव्यांची ६० मिनिटांची कॅसेट आहे. ८० मिनिटांच्या तबकडीवर ती सहज मावते. ९० मिनिटांची असती, तर दोन लागल्या असत्या. तबकड्या आणायला नव्या पेठेत गेलो, तेव्हा दुकानदार हसून म्हणाले, "सर, आता सीडी कोण घेतंय हो? पेन ड्राइव्ह न्या की!"

त्यांचेही खरेच. नोएडाची मोझर बेअर कंपनी एके काळी घरोघरी ठाऊक होती. २०१८ मध्ये ती अवसायनात गेली. आता दुकानात जुना साठाही असू शकतो. म्हणून सीलबंद डबा घ्यावा, पण आधी लहानसाच. एक तबकडी भरून घरच्या यंत्रावर अखेरपर्यंत ऐकावी आणि मगच बाकीच्या आणाव्यात.

ओव्यांच्या मी दोन प्रती केल्या, दोन निराळ्या कंपन्यांच्या तबकड्यांवर. एक माझ्या कपाटात, दुसरी बहिणीकडे, तिसरी संगणकात. पत्र्याखालच्या माळ्यावर एकही नाही, कारण आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. सिनेमातली गाणी काय, कुठेही पुन्हा मिळतील. आईचा आवाज त्या एका कॅसेटवरच होता.