नवी लायब्ररी आणि जुनी आज्ञावली

काल सुरळीत चालणारी आज्ञावली आज अकस्मात बिघडते, आणि तिच्या एकाही अक्षरात कोणी फेरफार केलेला नसतो. संगणकावर काम करणारांस हा अनुभव नवा नाही. अशा वेळी शोधाचा आरंभ त्या आज्ञावलीपासून न करता, ती ज्या सामायिक साधनांच्या आधारावर उभी असते त्यांपासून करावा लागतो. बिघाड तेथून सुरू झालेला असतो. मूळ दोषही तेथेच असेल असे मात्र नव्हे, आणि हा भेद ध्यानात न आल्यामुळेच पुष्कळ श्रम वाया जातात.

आधुनिक कार्यप्रणालीत कोणतीही आज्ञावली आपली सर्व कामे स्वतः करीत नाही. फाइल उघडणे, वेळ विचारणे, अक्षरांची लांबी मोजणे, स्मृतीच्या एका भागातील मजकूर दुसऱ्या भागात उतरवणे, ही कामे हजारो आज्ञावल्यांना लागतात. म्हणून ती एकदाच लिहून एका सामायिक संग्रहात ठेवलेली असतात. ह्या संग्रहास लायब्ररी असे म्हणतात. लिनक्सच्या बहुतेक प्रचलित वितरणांत अशा सर्व लायब्रऱ्यांच्या तळाशी ‘ग्नू सी लायब्ररी’, म्हणजेच ‘ग्लिबसी’, असते. आज्ञावलीच्या फाइलमध्ये ह्या कामांची केवळ नावे नोंदलेली असतात. आज्ञावली सुरू होताना ‘लोडर’ हा घटक त्या नावांची लायब्ररीतील प्रत्यक्ष आज्ञांशी गाठ घालून देतो.

ह्या व्यवस्थेचा लाभ उघड आहे. लायब्ररीत एक सुधारणा झाली की तिच्यावर अवलंबून असणाऱ्या सर्व आज्ञावल्यांस ती आपोआप मिळते. परंतु ज्या वाटेने सुधारणा पोचते त्याच वाटेने बिघाडही पोचतो. म्हणूनच वितरण करणाऱ्या संस्था नवी लायब्ररी एकदम सर्वांच्या हाती देत नाहीत. डेबियन ह्या वितरणात ‘प्रायोगिक’, ‘अस्थिर’, ‘चाचणी’ आणि ‘स्थिर’ अशा पायऱ्या आहेत. प्रायोगिक पायरीवरील सामग्री वापरकर्त्याने मुद्दाम मागितल्यावाचून त्याच्या संगणकावर येत नाही. अस्थिर शाखेचे नाव ‘सिड’. ‘टॉय स्टोरी’ ह्या चित्रपटात शेजारचा एक मुलगा खेळणी मोडून टाकीत असतो, त्याचे हे नाव. नाव ठेवणाराने वापरकर्त्यास पुरेशी सूचना दिली आहे, असेच म्हटले पाहिजे.

ध्वनी का बिघडला?

ह्या विषयातील एक प्रसिद्ध प्रकरण २०१० मधील आहे. ‘फेडोरा’ ह्या लिनक्स वितरणाची चौदावी आवृत्ती २ नोव्हेंबर २०१० रोजी बाहेर पडली. तिच्यात ग्लिबसीच्या पुढे येऊ घातलेल्या २.१३ ह्या आवृत्तीची पूर्वतयारीची प्रत समाविष्ट होती. आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वीच चाचणी करणाऱ्या काही जणांच्या ध्यानात आले होते की, अडोबी कंपनीच्या ‘फ्लॅश’ ह्या आज्ञावलीतून संगीत ऐकू गेल्यास आवाज विचित्र, फाटका येतो. फ्लॅश आता प्रचारात नाही. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी तिचा आधार काढून घेतला. त्या काळी मात्र वेबवरील बहुतेक चित्रफिती आणि गाणी तिच्यावाचून चालत नसत. तिची मूळ संहिता कंपनीच्या ताब्यात असल्याने इतरांस ती उघडून पाहता येत नव्हती.

विशेष म्हणजे हा बिघाड सर्वांकडे होत नव्हता. तीच कार्यप्रणाली, तीच लायब्ररी आणि तेच फ्लॅश असूनही एका संगणकावर आवाज फाटे आणि शेजारच्या संगणकावर निर्मळ येई. अशी विसंगती दिसली की अननुभवी माणूस ध्वनियंत्रावर किंवा तारांवर संशय घेतो. येथे खरे कारण निराळे होते. ग्लिबसीमध्ये एकाच कामाच्या अनेक रीती लिहिलेल्या असतात, आणि आज्ञावली चालू होताना प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे हे पाहून त्याला सोयीची रीत निवडली जाते. नव्या आवृत्तीत इंटेलच्या काही प्रोसेसरांसाठी ‘मेमकॉपी’ ह्या फंक्शनची अधिक वेगवान रीत घातलेली होती. ज्यांच्या संगणकात ते प्रोसेसर होते त्यांच्याच वाट्याला बिघाड आला.

मेमकॉपीचे काम साधे आहे: स्मृतीतील एका जागेचे ठराविक बाइट दुसऱ्या जागी उतरवणे. त्यासाठी सी भाषेच्या १९८९ च्या मानकाने एक अट घातली आहे. जेथून घ्यावयाचे आणि जेथे ठेवावयाचे, ते दोन्ही प्रदेश एकमेकांवर पडता कामा नयेत. पडत असतील तर परिणाम काय होईल ह्याची कोणतीही हमी मानक देत नाही. एकमेकांवर पडणाऱ्या प्रदेशांसाठी ‘मेममूव्ह’ हे दुसरे फंक्शन आहे. नक्कल कोणत्या टोकाकडून सुरू करणे सुरक्षित, हे ते आधी पाहते.

ही अट का लागते हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सहा मुले ओळीने बसली आहेत आणि त्यांच्या पाट्यांवर डावीकडून क, ख, ग, घ, च, छ अशी अक्षरे आहेत. गुरुजी सांगतात, “पहिल्या पाच जणांनी आपल्या उजवीकडच्या मुलाच्या पाटीवरचे अक्षर आपल्या पाटीवर लिहावे.” डावीकडच्या मुलाने आरंभ केला तर तो ख लिहितो, दुसरा ग लिहितो, आणि शेवटी पाट्यांवर ख, ग, घ, च, छ, छ असा अपेक्षित क्रम येतो. आता आरंभ पाचव्या मुलाने केला असे समजा. तो छ लिहितो. चौथा त्याच्याकडे पाहतो तेव्हा तेथील च पुसला गेलेला असतो. तोही छ लिहितो. असे होत होत सहाही पाट्यांवर छ उमटतो.

जुनी मेमकॉपी पहिल्या मुलापासून आरंभ करीत असे. नवी, त्या विशिष्ट प्रोसेसरांवर, शेवटाकडून मागे येत असे. अट पाळणाऱ्या आज्ञावल्यांस ह्या बदलाने काहीच बाधा नव्हती. फ्लॅशने मात्र मेममूव्ह वापरावयाच्या ठिकाणी मेमकॉपी वापरली होती. ही चूक जुन्या लायब्ररीच्या क्रमामुळे योगायोगाने झाकली गेली होती. प्रत्यक्षात लायब्ररी एका वेळी एकच बाइट न उचलता अनेक बाइट उचलते. त्यामुळे पाट्यांच्या उदाहरणासारखा संपूर्ण नाश न होता मधले मधले तुकडे बिघडतात. म्हणूनच आवाज बंद न पडता तो फाटला. सर्वनाश झाला असता तर दोष लवकर सापडला असता. अर्धवट बिघाडच शोधास कठीण असतो.

शोधाची रीत

ह्या प्रकरणाचा उलगडा ज्या क्रमाने झाला त्यात अशा सर्व बिघाडांच्या तपासाची रीत दिसून येते. पहिला प्रश्न, काय बदलले? लिनक्सची वितरणे कोणते पॅकेज कोणत्या दिवशी कोणत्या आवृत्तीवर गेले ह्याची नोंद स्वतःच ठेवतात, आणि आठवणीपेक्षा ह्या नोंदीवर विश्वास ठेवणे श्रेयस्कर. मात्र नोंदीतील तारीख आणि बिघाडाची तारीख जुळलीच पाहिजे असे नाही. लायब्ररीची नवी प्रत डिस्कवर आली तरी आधीपासून चालू असलेली आज्ञावली जुनीच प्रत धरून राहते. ती बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत नव्या प्रतीशी तिचा संबंध येत नाही. सोमवारी बदललेल्या लायब्ररीचा परिणाम गुरुवारी संगणक पुन्हा सुरू केल्यावर दिसतो, आणि संशय बुधवारी केलेल्या एखाद्या निरुपद्रवी कामावर जातो.

दुसरे पाऊल म्हणजे एकच गोष्ट मागे नेऊन पाहणे. सामान्य लायब्ररीच्या बाबतीत जुनी आवृत्ती परत बसवणे सोपे असते. ग्लिबसीच्या बाबतीत मात्र ते धोक्याचे आहे, आणि उतावळेपणाने येथे पुष्कळांनी आपले संगणक निकामी करून घेतले आहेत. नव्या ग्लिबसीशी जोडून तयार केलेल्या आज्ञावल्या जुन्या ग्लिबसीवर चालण्याचे नाकारतात. त्याहून वाईट म्हणजे, फाइल हलवणे, नक्कल करणे, यादी दाखवणे ह्या साध्या आज्ञादेखील त्याच लायब्ररीवर उभ्या असतात. ती जागेवरून हलवली तर तिला परत जागेवर ठेवण्याचे साधनही त्याच क्षणी नाहीसे होते. ज्या फांदीवर बसलो तीच तोडण्यासारखा हा प्रकार होय. म्हणून प्रायोगिक लायब्ररी वापरून पाहणाराने ती निराळ्या संगणकावर, किंवा निदान मुख्य प्रणालीपासून अलग ठेवलेल्या प्रतीत बसवावी, आणि बाहेरच्या माध्यमावरून संगणक सुरू करण्याची सोय आधीच हाताशी ठेवावी.

लायब्ररी मागे न नेता संशयित फंक्शन तेवढे बदलण्याची एक युक्ती आहे. लोडरला ‘एलडी-प्रीलोड’ ह्या सूचनेने सांगता येते की, इतर कोठेही शोधण्यापूर्वी नावे ह्या लहानशा लायब्ररीत पाहा. लिनक्सच्या गाभ्याचे जनक लायनस टॉरव्हाल्ड्स हे स्वतः ह्या तपासात उतरले होते, आणि त्यांनी हाच मार्ग घेतला. साध्या, पुढच्या टोकापासून नक्कल करणाऱ्या मेमकॉपीची एक छोटी लायब्ररी त्यांनी लिहिली आणि ती फ्लॅशच्या पुढे उभी केली. आवाज निर्मळ झाला. बाकी सर्व तसेच ठेवून एकच फंक्शन बदलल्याने बिघाड नाहीसा झाला, म्हणजे संशयाचे क्षेत्र हजारो फंक्शनांवरून एकावर आले.

परंतु एवढ्याने दोष कोणाचा हे ठरत नाही. ते ठरवण्यास ‘व्हॅलग्रिंड’ हे साधन उपयोगी पडले. व्हॅलग्रिंड हे आज्ञावलीस प्रत्यक्ष प्रोसेसरवर सरळ न सोडता एका कृत्रिम प्रोसेसरवर चालवते आणि तिचा प्रत्येक स्मृतिव्यवहार तपासते. त्यापायी आज्ञावली वीस ते तीस पटींनी मंदावते. मेमकॉपीला एकमेकांवर पडणारे प्रदेश दिले गेले की ते तत्काळ तक्रार नोंदवते. फ्लॅश त्याच्या देखरेखीखाली चालवले तेव्हा ही तक्रार उमटली. ज्या आज्ञावलीची संहिता कोणास पाहता येत नव्हती, तिची चूक तिच्या वर्तनावरून सिद्ध झाली.

येथे नाव आधीच उघड झाले म्हणून आणखी एका रीतीची गरज पडली नाही. पुष्कळदा मात्र लायब्ररीच्या दोन आवृत्त्यांमध्ये हजारभर लहान बदल असतात आणि त्यांपैकी कोणता कारणीभूत हे कळत नाही. अशा वेळी मधला बदल घेऊन चाचणी करावयाची. बिघाड दिसला तर कारण पूर्वार्धात, न दिसला तर उत्तरार्धात. प्रत्येक चाचणीने क्षेत्र निम्मे होते, आणि हजार बदलांतून एक शोधण्यास दहाच चाचण्या पुरतात. बिघाड प्रत्येक वेळी हुकमाने घडवून आणता आला पाहिजे, एवढीच अट. कधी होतो आणि कधी होत नाही अशा दोषापुढे ही रीत लंगडी पडते.

वाद आणि तोड

दोष फ्लॅशचा होता ह्याविषयी दुमत राहिले नाही. तरीही वाद मिटला नाही. एक पक्ष म्हणे की, मानकात अट स्पष्ट लिहिलेली असता ती मोडणाराने परिणाम भोगावेत. चुकलेल्यांच्या सोयीसाठी लायब्ररीची प्रगती थांबवावी काय? टॉरव्हाल्ड्स ह्यांची बाजू उलट होती. गाणे ऐकणाऱ्या माणसाला मानकाशी कर्तव्य नसते. काल चालत होते ते आज चालत नाही, एवढेच त्याला दिसते, आणि ते त्याच्या हातून दुरुस्तही होण्यासारखे नसते. मेमकॉपीलाच मेममूव्हसारखे सावध करून टाकावे, असे त्यांनी सुचवले. तर्काच्या दृष्टीने पहिला पक्ष निर्दोष होता. पण त्या निर्दोषपणाची किंमत चूक करणाऱ्या कंपनीऐवजी तिसराच माणूस मोजत होता, ही गोष्ट दुसऱ्या पक्षाने अचूक हेरली.

तोड निघाली ती २०११ मध्ये, ग्लिबसीच्या २.१४ ह्या आवृत्तीत. लोडर नावाबरोबर आवृत्तीचा शिक्काही पाहतो, ह्या सोयीचा येथे उपयोग केला गेला. चौसष्ट-बिटी इंटेल जातीच्या संगणकांवर मेमकॉपी ह्या नावाची दोन फंक्शने लायब्ररीत शेजारी शेजारी ठेवण्यात आली. २.१४ पूर्वी तयार झालेल्या आज्ञावल्यांनी ते नाव उच्चारले की त्यांस प्रत्यक्षात मेममूव्ह दिली जाते. त्यानंतर तयार झालेल्यांस खरी, वेगवान मेमकॉपी मिळते. जुन्यांना अभय आणि नव्यांना वेग, अशी ही विभागणी आहे.

मात्र हे अभय तयार फाइलला आहे, तिच्या मूळ संहितेला नाही. अट मोडणारी एखादी जुनी आज्ञावली वर्षानुवर्षे सुखाने चालत असते. तिची संहिता जशीच्या तशी घेऊन कोणी ती नव्या संगणकावर पुन्हा संकलित करतो, तेव्हा तिच्यावर नवा शिक्का बसतो आणि ती नव्या मेमकॉपीशी जोडली जाते. संहितेत एका अक्षराचाही बदल झालेला नसतो, आणि झाकलेली चूक त्या दिवशी बाहेर पडते.