रेषांची जुगलबंदी : रॉबर्ट क्रम्ब आणि जुना जॅझ

अमेरिकी व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रम्ब यांचा जन्म १९४३चा असला, तरी त्यांचे स्मरणरंजन ज्या जॅझभोवती फिरते तो १९२०च्या दशकातला आहे, आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचला लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या व एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच वादन मावणाऱ्या तबकड्यांतून. या श्रवणातूनच १९८२ साली ‘अर्ली जॅझ ग्रेट्स’ हा ३६ चित्रपत्त्यांचा संच साकारला, ज्यात पियानोवादक जेली रोल मॉर्टनसारख्या वादकांची व्यक्तिचित्रे आहेत.

पूर्वतयारीविना एकत्र जमून, एकमेकांना प्रतिसाद देत वाजवणे म्हणजे जॅझमधले ‘जॅम’. सॅन फ्रान्सिस्कोत १९६८मध्ये सुरू झालेल्या ‘झॅप कॉमिक्स’मध्ये क्रम्ब, एस. क्ले विल्सन, व्हिक्टर मॉस्कोसो आदी चित्रकार एकाच पानावर मिळून चित्रे काढत, एकाने सोडलेला धागा दुसरा उचलत असे, आणि म्हणूनच त्या पानांनाही हेच नाव पडले.

१९७०च्या दशकात तर क्रम्ब यांनी व्यंगचित्रकार मित्र रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांच्यासह ‘चीप सूट सेरेनेडर्स’ हा वाद्यवृंद उभारून बँजो हाती घेतला. त्यामुळे या आठवणींत सहचित्रकार आणि वादक यांना वेगळे काढणे अवघड ठरते.