खान्देशचं ऊन आणि छोटी गाडी

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, धुळंही फार मागे राहत नाही. नेमका तोच आपल्याकडे गाडी सर्वांत जास्त पळवण्याचा हंगाम. अखाजीला लेकीबाळींना माहेरी आणायचं, लग्नाच्या तिथी गाठायच्या, पोरांना मामाच्या गावी सोडायचं. ऑल्टो, वॅगन आर, टियागो किंवा क्विड, दारात जी कोणती छोटी गाडी असेल तिच्यात घरातली माणसं बसतात, मागे बॅगा आणि आंब्याची पेटी चढते आणि प्रवास सुरू होतो. ही गाडी एवढं काम नक्की करते. मात्र ती आपल्यातली उष्णता बाहेर कशी टाकते, हे मालकाला ठाऊक हवं. खान्देशात छोट्या गाडीचं आयुष्य बरंचसं त्यावरच ठरतं.

इंजिन निवतं कसं?

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीच्याची उष्णता होते. तिच्यातली काही सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते, उरलेली बरीचशी कूलंट उचलतं. कूलंट इंजिनभोवती फिरून तापतं, समोरच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याने निवतं आणि परत इंजिनात जातं. गाडी धावत असते तेव्हा वारा आपोआप मिळतो. रेल्वे फाटकावर किंवा बाजारात ती उभी राहिली की विजेचा पंखा ते काम करतो.

आता उन्हाचा हिशेब पाहा. कूलंट साधारण ९० अंशांवर फिरत असतं. बाहेर २५ अंश असतील तर दोघांत ६५ अंशांचा फरक पडतो. बाहेर ४५ झाले की तोच फरक ४५ वर येतो. उष्णता या फरकाच्या जोरावरच बाहेर जाते, म्हणजे तोच रेडिएटर मे महिन्यात जवळजवळ तीस टक्के कमी काम करतो. हिवाळ्यात खपून गेलेली किरकोळ गळती किंवा धुळीने बुजलेली जाळी उन्हाळ्यात गाडी रस्त्यात उभी करते, ती यामुळे.

साधं पाणी १०० अंशांना उकळतं. कूलंट आणि पाणी निम्मंनिम्मं असलं की उकळायला जास्त तापमान लागतं. शिवाय रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरसारखं आत दाब धरून ठेवतं. दोन्ही मिळून ही मर्यादा १२० अंशांच्या आसपास जाते. म्हणून झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदलावं. ती अगदी किरकोळ किमतीची वस्तू आहे.

सर्वांत जास्त नुकसान करते ती बोअरच्या पाण्याची बाटली. कूलंट कमी दिसलं की आपण हाताशी असेल ते पाणी ओततो. बोअरच्या पाण्यातले क्षार नळ्यांच्या आत थर धरतात, बादलीला आणि गिझरला धरतात तसेच. पाणी घालायचंच असेल तर डिस्टिल्ड घालावं, आणि शक्यतो तयार मिसळलेलं कूलंटच वापरावं.

गाडी तापली तर

अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, फक्त दिवा असतो. लाल दिवा लागला तर आधी एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण सोडा. आत बसवणार नाही, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. मग सावली बघून गाडी बाजूला घ्या. बॉनेटमधून वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद करा.

यानंतर निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. झाकण सैल झालं की दाब एकदम उतरतो, १०० च्या वर तापलेलं पाणी त्याच क्षणी उकळून वर उडतं आणि चेहरा, हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, त्याने धातूला तडा जाऊ शकतो. दिवा पाहूनही ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणून गाडी रेटली तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि मिस्त्रीकडे हजारोंचं काम निघतं.

एसीचा भार

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच फिरवतं आणि त्याला तीन-चार अश्वशक्ती सहज लागतात. ऑल्टो के१० मध्ये ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन असतं, त्याची ताकद ६६-६७ अश्वशक्तीच्या घरात. सपाट रस्त्यावर एसी जाणवत नाही. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना मात्र गाडीत पाच माणसं असली की जाणवतो. तिथे खालचा गिअर ठेवा आणि चढ संपेपर्यंत एसी बंद करा. उतरतानाही दुसरा-तिसरा गिअर राहू द्या, न्यूट्रल कधीच नको. सगळा भार ब्रेकवर आला की ब्रेक तापून धरेनासे होतात.

एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो. त्यात धूळ, किडे आणि हंगामात कापसाचे तंतू अडकतात. मग एसी गार करत नाही आणि इंजिनलाही वारा मिळत नाही. उन्हाळ्याआधी तो हलक्या पाण्याने धुऊन घ्या. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर त्याच्या नाजूक पात्या दुमडतात.

उन्हात उभी गाडी आतून बाहेरच्या हवेपेक्षाही खूप तापते. बसल्यावर आधी चारही काचा उघडून थोडं अंतर चालवा, तापलेली हवा जाऊ द्या, मग काचा लावून एसी आतल्या हवेवर ठेवा. बंद गाडीत मूल पाच मिनिटंसुद्धा सोडू नका.

टायर

धुळे-जळगाव महामार्गाचं डांबर दुपारी ६० अंशांवर तापतं. छोट्या गाडीचं चाक ताशी ८० च्या वेगाला सेकंदाला बारा-तेरा वेळा फिरतं. हवा कमी असेल तर प्रत्येक फेरीला टायरची बाजू जास्त दबते, त्यातून तो आतून तापतो आणि शेवटी फुटतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा समज म्हणूनच घातक आहे.

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर हवेचा आकडा असतो, भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. सकाळचे ३३ दुपारी धावून ३७-३८ होतात. ते टायर बनवताना धरलेलं असतं, म्हणून ती वाढ सोडू नका. टायरवर चार आकडी खूणही असते: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी फार जुनं रबर उन्हात टिकत नाही. स्टेपनीची तारीखही बघा, तिची आठवण कुणालाच नसते.

जुनी गाडी घेताना

पहिली गाडी बहुतेक घरांत जुनीच येते. मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी चालू न करता दाखवा. इंजिन थंड असताना कूलंटची टाकी उघडा. हिरवा, निळा किंवा गुलाबी स्वच्छ रंग दिसला तर गाडी काळजीने वापरलेली आहे. गढूळ तांबूस पाणी म्हणजे आत गंज आणि क्षार. वर तेलाचा तवंग दिसला तर गॅस्केट गेल्याची शंका घ्या, आणि रंगरूप कितीही चकचकीत असलं तरी ओळखीच्या मिस्त्रीने तपासल्याशिवाय इसार देऊ नका.