सुट्टीत गावी जाताय? पाखरांची ओळख करून घ्या!

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याच्या चाळींतून, वस्त्यांतून गावाकडे जाणाऱ्या एस.टी. गाड्या भरून जातात. मुले आठ-पंधरा दिवस आजोळी राहतात. शहरात कावळा, कबुतर आणि घार यांपलीकडे त्यांनी फारसे पक्षी पाहिलेले नसतात. गावी विहिरीवर, शेताच्या बांधावर, आंब्याच्या झाडावर नवनवी पाखरे दिसतात आणि मुले विचारतात, "हे कोणते पाखरू?" आपण "असेल काहीतरी" म्हणून विषय सोडून देतो. तो सोडू नये. पक्षी ओळखणे ही केवळ पैसेवाल्यांची हौस नव्हे. महागडा कॅमेरा नसला तरी चालतो. घरातला साधा मोबाईल, एक वही आणि थोडा धीर एवढ्यावर काम भागते.

फोटो कसा काढावा?

मोबाईलवर लांबच्या पाखराचा फोटो सुबक येणार नाही. पण तो आपल्याला भिंतीवर लावायचा नाही, त्यावरून ओळख पटवायची आहे. त्यासाठी सकाळची वेळ चांगली. ऊन आपल्या पाठीमागून यावे. पाखरू दिसताच आहे तिथूनच एक फोटो घ्यावा. मग चार पावले पुढे जाऊन थांबावे, दुसरा घ्यावा. सरळ अंगावर चालून गेल्यास पाखरू उडते, म्हणून थोडे तिरपे चालावे. काढतानाच चित्र फार मोठे केले तर फोटो फुटतो. तो नंतर मोठा करून पाहावा. आभाळाच्या बाजूला बसलेले कोणतेही पाखरू फोटोत काळे दिसते. अशा वेळी मोबाईलच्या पडद्यावर पाखरावर बोट टेकवावे आणि उजेड थोडा वाढवावा. पाखरू पानाआड असेल तर त्याचा आवाज मोबाईलमध्ये भरून घ्यावा. तोही पुरावाच आहे.

वहीत काय लिहावे?

फोटोत सगळे येत नाही. म्हणून मुलांना पाच गोष्टी लिहायला सांगा: आकार, चोच, शेपटी, जागा आणि ते काय करीत होते. आकार सांगण्याची सोपी रीत म्हणजे ओळखीच्या पाखराशी तुलना. चिमणीएवढे, साळुंकीएवढे, कावळ्याएवढे की घारीएवढे? ख्यातनाम पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी 1941 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकात हीच रीत वापरली आहे.

नुसत्या रंगावर विसंबले तर कशी फसगत होते पाहा. मुलाने वहीत लिहिले, "काळे पाखरू." पण काळी पाखरे तर गावात अनेक आहेत. तारेवर किंवा म्हशीच्या पाठीवर बसलेले, शेपटीच्या टोकाला दोन फाटे असलेले, घरट्याजवळ आलेल्या कावळ्यालाही पिटाळून लावणारे, तो कोतवाल. आंब्यात लपून कुहू-कुहू करणारा, लाल डोळ्यांचा, तो कोकीळ. गाणारा हा नर असतो. मादी तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. आणि कुंपणाच्या झुडपातून जड पावलांनी चालणारा, काळ्या अंगाचा पण विटकरी पंखांचा, तो भारद्वाज. काही ठिकाणी त्याला कुंभारकावळा म्हणतात, पण तो कावळ्याच्या जातीचा नाही. तिघेही "काळे", पण शेपटी, जागा आणि वागणे लिहिले की तिघे वेगळे होतात.

आधी आजीला विचारा

ओळख पटवायला मर्लिन नावाचे मोफत ॲप आहे. ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने तयार केले आहे. फोटो दाखवला की ते संभाव्य नावे सुचवते. त्याचा उपयोग जरूर करावा, पण त्याचे उत्तर वहीतील नोंदींशी ताडून पाहावे. आणि त्याआधी फोटो आजीला, आत्याला, गुरे राखणाऱ्या मामाला दाखवावा. रानात आयुष्य घालवलेल्या माणसांना पाखरांची नावे, घरटी, सवयी ठाऊक असतात. दिवंगत मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करताना असे पुष्कळ ज्ञान रानातल्या माणसांकडून मिळवले. आपल्या घरातली ही विद्या वहीत उतरली नाही, तर ती म्हाताऱ्या माणसांबरोबर निघून जाईल.

भीती जाते ती ओळखीने

घरातून नावे मिळतात, तशा काही भीतीही मिळतात. पिंगळा बोलला तर वाईट होते, रात्री टिटवी ओरडली तर कुणी मरते, असे मुलांच्या कानावर पडते. अशा वेळी रागावू नका, पाखरू दाखवा. पिंगळा हे साळुंकीएवढे छोटे घुबड. झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात राहते, संध्याकाळी बाहेर पडते, किडे आणि उंदीर खाते. म्हणजे ते शेतकऱ्याचे कामच करते. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. माणूस, कुत्रे किंवा कोल्हे जवळ आले की ती ओरडते. ती कुणाचे मरण सांगत नाही, आपली पिल्ले वाचवते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल पुन्हा त्या आवाजाला भिणार नाही. अशाच समजुतींपायी आणि जादूटोण्यासाठी आजही घुबडे पकडली, मारली जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. पोपट पकडून पिंजऱ्यात ठेवणे हाही गुन्हाच आहे.

फोटोच्या नादात आपल्याकडूनही पाखराला त्रास होऊ नये. घरट्याजवळ जाऊ नये, फांद्या बाजूला करू नयेत, अंड्यांना हात लावू नये, रात्री घुबडाच्या डोळ्यांवर झोत टाकू नये. पाखरू ओरडू लागले की समजावे, आपण फार जवळ आलो. मागे फिरावे.

यंदा गावी जाताना मुलांच्या पिशवीत एक कोरी वही टाका. रोज एक पाखरू, त्याचा एक फोटो आणि चार ओळी. सुट्टी संपेपर्यंत दहा पाखरे ओळखता आली तरी पुष्कळ झाले. शहरात परतल्यावर तीच वही चाळीच्या खिडकीत ठेवा. तिथेही बुलबुल येतो, दयाळ येतो, नाल्याकाठी बगळा उभा असतो.